भरलेली डायरी रिकामी कशी करायची?

डिजिटल डायरी म्हटलं तर आजची अठरा वर्षांची मुलगी फोनमधलं एखादं ॲप समजेल. 1990च्या दशकात मात्र ती खरोखरची वस्तू होती. खिशात मावणारी, मधोमध दुमडणारी, उघडली की वर करडा पडदा आणि खाली बोटाच्या टोकाला जेमतेम सापडतील अशी बटणं. कॅसिओ आणि शार्प ही त्यातली मोठी नावं. आखातातून सुट्टीवर आलेल्या काकांच्या बॅगेतून ती निघायची, हाजी अलीच्या हिरा-पन्नात मिळायची, आणि जुहू-पार्ल्याच्या मंडळींना त्यासाठी टाउनपर्यंत जायचं नसेल तर परदेशी घड्याळं, अत्तरं आणि कॅल्क्युलेटर यांच्यासाठी प्रसिद्ध असलेला इर्ल्याचा बाजार हाकेच्या अंतरावर होता. मिठीबाई किंवा नरसी मोनजीतल्या एखाद्याने कँटीनमध्ये ती उघडली की दोन-तीन माना हमखास वळत.

तिची स्मृती असायची 32 किंवा 64 किलोबाइट. आज एका फोटोलाही ती पुरणार नाही. पण नाव, नंबर आणि पत्ता मिळून माणशी साठेक अक्षरं धरली, तर 32 किलोबाइटमध्येही पाचशेच्या आसपास माणसं मावत, आणि कॉलेजातल्या मुलाची एवढी ओळख असते कुठे? अडचण जागेची नव्हतीच. आतल्या बटणासारख्या सेलांवर सगळा संसार चाले. एक सेल यंत्र चालवायला, दुसरा स्मृती राखायला. बदलायचे तर एकावेळी एकच, दोन्ही एकदम काढले की सगळी नावं पुसली गेली म्हणून समजा. माहितीपत्रकात हे ठळक छापलेलं असे, आणि माहितीपत्रक खोक्यासोबत केव्हाच रद्दीत गेलेलं असे. संगणकाला जोडायची केबल वेगळी विकत मिळायची, ती घेणारे थोडे. आत गेलेला नंबर बाहेर काढायचा म्हणजे पडद्यावर बघून कागदावर उतरवायचा, हाच बहुतेकांचा मार्ग.

हातात मावणारं, वेळापत्रक आणि माणसं सांभाळणारं यंत्र निवडताना आत किती मावतं, पडदा केवढा, कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे सगळे विचारतात. आतलं सगळं एके दिवशी बाहेर काढून दुसरीकडे न्यायचं झालं तर कसं, हे फार थोडे विचारतात. गेल्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या हातात जी जी यंत्रं आली आणि गेली, त्यांचा हिशेब याच एका प्रश्नावर मांडला तर बरंच काही उलगडतं.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट सोडवला तो पाम या कंपनीने. त्याआधी 1993 साली ॲपलने न्यूटन नावाचं यंत्र बाजारात आणलं होतं. किंमत 699 डॉलर, आणि काठीने लिहिलेलं हस्ताक्षर ओळखण्याचा दावा. सुरुवातीच्या न्यूटनचं वाचन इतकं विनोदी होतं की अमेरिकी व्यंगचित्रकारांना काही काळ विषय शोधावा लागला नाही. पामच्या जेफ हॉकिन्स यांनी नेमका उलटा विचार केला. यंत्र बनवण्याआधी त्यांनी खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो काही दिवस खिशात बाळगला. कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचं. यंत्र कुठे अडतं, कशाची गरज पडते, हे त्यातून कळलं. मार्च 1996 मध्ये आलेल्या पहिल्या पायलटची किंमत 299 डॉलर होती आणि स्मृती फक्त 128 किलोबाइट. दोन बारीक पेन्सिल सेलवर तो काही आठवडे चाले.

पण पायलटची खरी करामत त्याच्या स्टँडमध्ये होती. यंत्र त्या खाचेत ठेवायचं, एक बटण दाबायचं, की यंत्रातली आणि संगणकातली माहिती एकमेकांशी जुळवून घेतली जाई. यंत्र हरवलं, पाण्यात पडलं, सेल संपले तरी सगळं संगणकात शाबूत. पुढच्या मॉडेलांत अवरक्त किरणांनी समोरच्याच्या यंत्रात आपलं नाव-नंबर सोडायची सोय आली. अमेरिकेतल्या साउथ डकोटा विद्यापीठाला हे इतकं पटलं की 2001 साली नव्या विद्यार्थ्यांना पाम घेणं तिथे सक्तीचं झालं. तीन वर्षांनी ड्यूक विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या सुमारे 1,650 मुलांना आयपॉड वाटले, त्यात कॅलेंडर आणि नंबर ठेवता येत होते. विद्यापीठांनी यंत्र निवडून दिलं की ते टिकतं असं मात्र नाही. या दोन्ही यंत्रांना काही वर्षांतच फोनने गिळलं.

मुंबईत पामची मोठी लाट कधी आली नाही. कारण किमतीइतकंच दुसरंही होतं. पामची सगळी मजा घरात संगणक असण्यावर अवलंबून, आणि 2000च्या आसपास इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा संगणक म्हणजे कॉलेजची लॅब नाहीतर तासावर पैसे घेणारा सायबर कॅफे. कॅफेच्या संगणकाला कोण आपली डायरी जोडणार? शिवाय पामवर लिहायची ग्राफिटी नावाची लिपी रोमन अक्षरांपुरती. काकूंचं नाव तिथे इंग्रजीतच जायचं.

ही अडचण ओळखून उत्तर शोधण्याचा प्रयत्न आपल्याच देशात झाला होता, आणि तो आज जवळजवळ विसरला गेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून 1999 साली सिम्प्युटर ट्रस्ट उभा केला. लिनक्सवर चालणारं, स्पर्शाने वापरायचं, भारतीय भाषांत बोलू शकणारं हातातलं यंत्र. त्यातली सर्वांत हुशार कल्पना होती स्मार्ट कार्डाची. यंत्र गावाचं किंवा शाळेचं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. आपलं कार्ड घातलं की आपली माहिती समोर, काढलं की दुसऱ्यासाठी मोकळं. माहिती माणसाची, यंत्र कुणाचंही. 2004 साली ‘अमिडा’ या नावाने सिम्प्युटर दुकानात आला तोवर मोबाइल स्वस्त होऊन गेले होते, आणि अपेक्षेच्या मानाने तो फारच कमी विकला गेला. कल्पना चांगली असून वेळ हुकलेल्यांच्या यादीत त्याला वरची जागा द्यायला हवी.

मोबाइल कसे स्वस्त झाले हे त्या काळात कॉलेजात असलेल्यांना वेगळं सांगायला नको. मुंबईत मोबाइल सेवा 1995 साली आली, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत, तेही मिनिटाला दोन आकडी. 2003च्या मे महिन्यात येणारे कॉल फुकट झाले, त्याच वर्षी रिलायन्सने 501 रुपयांत फोन हातात ठेवला, नोकियाचा टॉर्चवाला 1100 आला. वेगळी डायरी बाळगायचं कारणच उरलं नाही. गजर, कॅलेंडर, नंबर, निरोप सगळं एकाच डबीत. मिस्ड कॉल ही तर आपल्याकडची स्वतंत्र भाषाच झाली. एक रिंग म्हणजे ‘निघाले’, दोन म्हणजे ‘खाली ये’.

नंबर मात्र आता सिमवर नाहीतर फोनमध्ये. सिमवर साधारण अडीचशे नावं मावायची आणि नावाची लांबी तोकडी, त्यामुळे ‘प्रॅक्टिकलच्या सावंत मॅडम’ यांचं ‘सावंत प्रॅ’ होऊन जाई. फोनमध्ये जास्त मावायचं, पण फोन बदलला की तिथलं तिथेच.

26 जुलै 2005च्या मंगळवारी या व्यवस्थेची परीक्षा झाली. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ही वेधशाळा जुहूच्या शेजारची. म्हणजे आकडा कुठल्या लांबच्या धरणाचा नव्हता, याच मुलांच्या डोक्यावर पडलेल्या पाण्याचा होता. लोकल ठप्प, एस. व्ही. रोडवर पाणी, हजारो विद्यार्थी कॉलेजात नाहीतर रस्त्यात अडकलेले. वीज गेल्यावर टॉवर बंद पडत गेले, मोबाइलचं जाळं बहुतेक ठिकाणी कोलमडलं, आणि ज्यांना सिग्नल होता त्यांची बॅटरी संध्याकाळपर्यंत गेली. काही ठिकाणी साधे फोन चालू होते, पीसीओवर रांगा लागल्या. तिथे उभं राहिल्यावर घरचा नंबर तरी पाठ असतो. पार्ल्यात राहणाऱ्या मैत्रिणीचा, मालाडच्या आत्याचा नसतो. तो मेलेल्या फोनच्या पोटात. ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पाकिटात मागच्या बाजूला चार नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, हा सल्ला त्या दिवसापासून आजतागायत जुना झालेला नाही. सगळी यंत्रं मिळून तिची बरोबरी करत नाहीत.

त्यानंतरची फॅशन ब्लॅकबेरीची. भारतात ती 2004 साली एअरटेलबरोबर आली ती कंपन्यांच्या साहेबांसाठी. पण 2009च्या स्वस्त कर्व्ह मॉडेलनंतर ती कॉलेजांत उतरली, आणि विशेषतः जुहूसारख्या भागात ‘तुझा पिन दे’ हे ओळख वाढवण्याचं वाक्य झालं. बीबीएम या ब्लॅकबेरीच्या निरोप-सेवेचा पिन म्हणजे आठ अक्षर-अंकांचा शिक्का, आणि तो यंत्राला चिकटलेला. माणूस तोच, पण फोन बदलला की पिन नवा. कंपनीने पुढे यावर तोडगे काढले, पण स्वभाव बदलला नाही. बीबीएमची सर्वसामान्यांसाठीची सेवा 31 मे 2019 रोजी बंद झाली. 4 जानेवारी 2022 पासून जुन्या ब्लॅकबेरी फोनांवर कॉल आणि एसएमएसचीही खात्री उरली नाही.

त्याच काळात सरकारी कागदावर एक साधा नियम येत होता, ज्याने बीबीएम आणि व्हॉट्सॲप यांच्यातला सामना फिरवला. 20 जानेवारी 2011 पासून देशभर मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. सुरुवातीला ती सोय एका सर्कलपुरती होती, आणि दूरसंचारच्या नकाशात मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळं सर्कल आहे. साताऱ्याहून एसएनडीटीत शिकायला आलेल्या मुलीला आपला नंबर मुंबईच्या जोडणीत आणता येत नसे. 3 जुलै 2015 पासून तेही शक्य झालं. कराचीहून 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटांनी टपालाचं विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरवलं आणि तीच पत्रं पुढे नेव्हिल विंटसेंट यांनी मद्रासपर्यंत पोचवली, तेव्हा पत्त्याला वैमानिकाशी काही देणंघेणं नव्हतं. फोन नंबराला तसा स्वतंत्र पत्ता व्हायला पुढची ऐंशी वर्षं लागली. व्हॉट्सॲपने ओळख म्हणून नेमका हाच नंबर घेतला. पिन नाही, वापरकर्ता-नाव नाही, यंत्राचा क्रमांक नाही. बीबीएम मागे पडण्याची बाकी कारणं खुशाल मोजावीत, पण हे कारण क्वचितच मोजलं जातं.

मधल्या काळात सरकारनेही विद्यार्थ्याच्या हातात यंत्र द्यायचं मनावर घेतलं होतं. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेटचा गाजावाजा झाला. डेटाविंड कंपनीचा, सात इंची, सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास सरकारला पडणारा. आत 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोट रोवून दाबावं लागेल असा पडदा. तक्रारी इतक्या आल्या की 2012 मध्ये प्रकल्प पवईच्या आयआयटी मुंबईकडे आला आणि प्रा. दीपक फाटक यांच्या गटाने तो हाती घेतला. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश 2’ आला तेव्हा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा होता आणि पडदा हलक्या स्पर्शाचा. फाटक यांच्या गटाने अभियांत्रिकी महाविद्यालयांना यंत्रं देऊन त्यांच्यासाठी ॲप लिहायला विद्यार्थ्यांना बसवलं, हा त्यातला सर्वांत जिवंत भाग. पुढच्या काही वर्षांत योजना विरून गेली. स्वस्त चिनी आणि भारतीय फोनांनी तिचं काम सरकारशिवाय उरकलं होतं.

मुंबई महापालिकेने 2015 साली आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. अभ्यासक्रम आतच भरलेला, दप्तराचं ओझं कमी. कल्पनेत खोट नाही. पण आत भरलेला अभ्यासक्रम हा छापील पुस्तकासारखाच शिळा होतो, आणि बालभारतीची आठवीची पुस्तकं 2018 साली बदलली. पुस्तक जुनं झालं तर रद्दीवाला येतो, टॅब जुना झाला तर आतलं बदलायला कोणीतरी नेमलेला लागतो.

याउलट एक मुंबईकर उदाहरण अगदी वेगळ्या वळणाचं आहे. सचिन टेके यांनी 2010 साली एम-इंडिकेटर बनवलं तेव्हा ते साध्या जावा फोनवर चालत होतं. लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच, इंटरनेट नको, खिशातला रिचार्ज संपलेला असला तरी 6.12ची फास्ट सापडणार. विद्यार्थ्याला जोडलेलं राहायचं असतं म्हणजे नेहमी जाळ्यात राहायचं असतं असं नाही, हे ज्यांना कळलं त्यांचं यंत्र आणि ॲप या शहरात टिकलं.

आता भाषेचा मुद्दा, कारण मराठी विद्यार्थ्याकडून निवड करताना तो सर्वांत आधी सोडून दिला जातो. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं 160 मावतात. त्यात एकही देवनागरी अक्षर आलं की सगळा निरोप वेगळ्या पद्धतीने साठवला जातो आणि मर्यादा 70 वर येते. काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात, म्हणजे ‘शिक्षिका’ लिहिताना तीन अक्षरांत आठ जागा गेल्या. एका पिढीने मराठी रोमनमध्ये लिहायची सवय लावून घेतली त्यामागे आळसापेक्षा हा हिशेब अधिक होता. स्मार्टफोन आल्यावर 2013 साली आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातून प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ आणलं. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं, बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर तयार. पहिलीत बाराखडी गिरवलेल्या कोणालाही ते शिकवावं लागत नाही. आज फोनमध्ये आलेले कळफलक आणि बोलून लिहिण्याची सोय यांनी बरंच काम सोपं केलं आहे, पण घेण्याआधी तपासावंच. टॅबला लावायच्या काही स्वस्त कीबोर्डांवर देवनागरीची अक्षरं छापलेली नसतात. ज्याला अंदाजाने टंकता येत नाही त्याच्या ते उपयोगाचं नाही.

मग आज जुहूत प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलीने घ्यावं काय? फोन, हे उत्तर ठरलेलंच आहे. अकरावीचे प्रवेश मुंबईत 2009 पासून ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटीला आधारशी जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी लागतो, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये येते, ‘उद्या लेक्चर नाही’ हे व्हॉट्सॲपवर कळतं. टॅब हा पीडीएफ वाचायला आणि आकृत्या काढायला उत्तम, पण सिम नसलेल्या टॅबकडे ओटीपी येत नाही. त्यामुळे एकच घ्यायचं तर टॅब नको. सीईटी, जेईई, नीटची तयारी करणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ‘महाज्योती’कडून टॅब आणि इंटरनेट डेटा मिळत आला आहे, तिथे अर्ज न करता विकत घेणं म्हणजे पैसे उधळणं. ई-इंक पडद्याच्या वह्या डोळ्यांना सुखावतात, किंमत ऐकून सुख ओसरतं.

फोन कुठला, यावर महिन्याला नवं उत्तर निघतं, त्यामुळे नावं घेण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी नावांच्या पलीकडे आहेत. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनी जाहीर करते. काही कंपन्या आता सहा-सात वर्षांची हमी देतात, स्वस्तातल्या काही फोनांना दोन वर्षंही मिळत नाहीत. चार वर्षांची पदवी असेल तर चार वर्षांपेक्षा कमी हमीचा फोन शेवटच्या वर्षी, नेमका मुलाखतींच्या वेळी, दगा द्यायच्या बेतात असणार. विरारहून पार्ल्याला येणाऱ्याचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होऊन रात्री आठला संपतो, त्याच्यासाठी मोठी बॅटरी ही कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची. चार्जर यूएसबी-सी असला म्हणजे वर्गात कोणाचाही चालतो.

आणि मग मूळ प्रश्न. नाव आणि नंबर कुठे साठतात ते पहिल्याच दिवशी बघावं. फोनमध्ये, सिमवर की खात्यात? खात्यात ठेवले तर फोन लोकलच्या दारातून पडला तरी नंबर वाचतात. पण खातंही कुणाचंतरी असतं, म्हणून सत्र संपलं की सगळी नावं एका व्हीसीएफ फाइलमध्ये काढून ठेवावीत. काँटॅक्ट्सच्या मेनूत ‘एक्सपोर्ट’ असतं, दोन मिनिटांचं काम. ही व्हीकार्ड पद्धत ॲपल, आयबीएम, सीमेन्स वगैरे कंपन्यांनी 1990च्या दशकाच्या मध्यात ठरवली, आणि तेव्हाची फाइल आजच्या फोनवरही उघडते. इतकी वर्षं जिवंत राहिलेलं यंत्र मात्र त्या काळातलं एकही खिशात उरलेलं नाही. कॅलेंडरसाठी तशीच आयसीएस फाइल असते. नोट्स शक्यतो अशा ॲपमध्ये लिहाव्यात ज्यातून साधा मजकूर किंवा पीडीएफ निघतो. सुंदर दिसणारी पण फक्त स्वतःच्याच सावलीत उघडणारी ॲप्स बरीच आहेत, त्यांच्या मोहात पहिल्या वर्षी तरी पडू नये. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर आता गूगलच्या 15 जीबीतच मोजला जातो. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनी ती जागा भरली की प्रोजेक्टची फाइल चढत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र कॉलेजच्या ईमेलमध्ये आहे. अनेक महाविद्यालयं प्रवेशाबरोबर विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचं खातं देतात, त्यावर क्लासरूम, ड्राइव्ह, असाइनमेंट, इंटर्नशिपचा पत्रव्यवहार सगळं चालतं. हे खातं कॉलेजचं असतं. 2022 साली गूगलने शिक्षण संस्थांना मिळणारी अमर्याद जागा बंद करून संस्थेमागे 100 टेराबाइटची मर्यादा घातली, त्यामुळे पास होऊन गेलेल्यांची खाती बंद करणं अनेक संस्थांना भाग पडतं. डिजिटल डायरीतला दुसरा सेल काढावा तसं एका सकाळी लॉगिन होत नाही आणि तीन वर्षांचं काम गायब. शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधी गूगल टेकआउटवरून सगळं उतरवून घ्यावं. ही सोय 2011 पासून आहे, आणि संस्थेने ती बंद ठेवली नसेल तर कॉलेजच्या खात्यावरही चालते. बँक, आधार, शिष्यवृत्ती यांसाठी कॉलेजचा ईमेल कधीच देऊ नये, स्वतःचा द्यावा.

कायद्याकडून फार मदतीची आशा नाही. युरोपात मे 2018 पासून आपली माहिती एका कंपनीकडून काढून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे 2019च्या डेटा संरक्षण विधेयकात तो होता. 2023 साली जो कायदा प्रत्यक्षात झाला त्यातून तो गळाला. फोन नंबराच्या बाबतीत जे सरकारला सुचलं ते बाकी माहितीच्या बाबतीत सुचू नये, याचं आश्चर्य वाटावं की वाटू नये हे वाचकाने ठरवावं.

बजेट तोकडं असेल तर जुना फोन घेण्यात काही वावगं नाही, लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. पैसे देण्याआधी दुकानातच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक बघावा आणि ‘केवायएम’ असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून, तो क्रमांक 14422 वर एसएमएस करावा. चोरीची तक्रार झालेला किंवा बनावट असेल तर उत्तरात कळतं. फोन चोरीला गेला तर 2023 पासून सुरू असलेल्या संचार साथी पोर्टलवरून तो देशभरात बंद पाडता येतो, त्यासाठी बिल आणि आयएमईआय लिहून घरी ठेवावा. मग एक नाव देवनागरीत सेव्ह करून बघावं, आयत्या वेळी ‘कृष्णा’चं काय होतं ते. तेच नाव व्हीसीएफ करून सोबत आलेल्या आईच्या किंवा मित्राच्या फोनवर पाठवावं आणि तिथे उघडून वाचावं. दुकानदार वैतागला तर पुढचं दुकान चार पावलांवर आहे.